लघवीच्या संसर्गात सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लघवीला जळजळ सुरू झाली की बरेच जण दवाखान्याऐवजी आधी मेडिकलमध्ये जातात आणि "ती पाचशेची गोळी", म्हणजे ५०० मिलिग्रॅमची सिप्रोफ्लॉक्सासिन, मागतात. हे पान त्या गोळीविषयी आणि तिच्या भावंडांविषयी आहे. खाली दिलेले डोस किडनी नीट चालणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. डॉक्टरांशी बोलताना समजावं, चिठ्ठीवरचं वाचता यावं, एवढाच त्यांचा उपयोग. त्यावरून स्वतः गोळी सुरू करू नका.

उन्हाळी लागणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग एकच का?

दर वेळी नाही. दिवसभर उन्हात काम झालं, पाणी पोटात गेलं नाही, की लघवी घट्ट आणि गडद होते आणि जळजळते. ऊसतोडीला गेलेल्यांना, उद्यमबागेत भट्टीजवळ उभं राहणाऱ्यांना हे नेहमीचं. दोन-तीन तांबे पाणी पोटात गेलं, लघवीचा रंग फिका झाला की ही जळजळ काही तासांत थांबते. संसर्गाची गोष्ट वेगळी असते. पाणी पिऊनही जळजळ राहते, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतं आणि चार थेंबच येतात, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ होते, कधी लालसर दिसते. बायकांना जळजळीसोबत खाज आणि अंगावरून पांढरं जात असेल, तर दुखणं बहुतेक योनिमार्गाचं असतं, मूत्राशयाचं नव्हे. तिथे ही गोळी उपयोगाची नाहीच, उलट बुरशी वाढवते. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीतून साखर जाते, त्यामुळे त्यांना बुरशीची खाज जास्त होते. हे औषध चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

क्विनोलोन म्हणजे नेमक्या कोणत्या गोळ्या?

पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. ज्या नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" येतं ती या घराण्यातली: सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, प्रुलिफ्लॉक्सासिन. घराण्याचं मूळ १९६२ सालच्या नॅलिडिक्सिक ॲसिडमध्ये आहे. मलेरियाचं क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून ते सापडलं. मॉक्सिफ्लॉक्सासिनही याच घरातलं, पण ते लघवीत पुरेसं उतरत नाही, म्हणून लघवीच्या संसर्गाला ते देत नाहीत.

जुलाबासाठी आणलेल्या ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल अशा जोडगोळ्या घरोघरी उरलेल्या असतात. "यातही फ्लॉक्सासिन आहे" म्हणून लघवीच्या त्रासाला त्या घेऊ नका. दुसरं औषध इथे विनाकारण पोटात जातं, मळमळ आणि तोंडाला धातूची चव आणतं.

ही गोळी जंतूंना कशी मारते?

जंतू वाढताना आपल्या डीएनएचा पीळ सोडतो आणि पुन्हा घालतो. हे काम डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज ४ ही दोन एन्झाइम करतात. क्विनोलोन त्यांना डीएनए कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. तुकडे जुळत नाहीत आणि जंतू मरतो. सिप्रो आणि लिव्हो लघवीत भरपूर उतरतात, किडनीच्या मांसात आणि प्रोस्टेटमध्येही शिरतात. प्रोस्टेटमध्ये नीट शिरणारी तोंडी औषधं मोजकीच आहेत, आणि या घराण्याची खरी किंमत तिथेच आहे.

साध्या जळजळीला दोन-चार गोळ्या घेतल्या तर बिघडतं काय?

पहिली गोष्ट, बऱ्याचदा ती लागूच पडत नाही. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूने होतो. भारतात लघवीतून निघणाऱ्या ई. कोलायपैकी निम्म्याहून जास्त सिप्रोला दाद देत नाहीत, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) वार्षिक अहवालांतून वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. गायरेजच्या जनुकात एक बदल झाला की जंतू नॅलिडिक्सिक ॲसिडला पुरून उरतो. पुढचे एक-दोन बदल झाले की सिप्रोलाही. अर्धवट घेतलेल्या प्रत्येक कोर्समध्ये कच्चे जंतू मरतात आणि असे बदललेले तेवढे आतड्यात शिल्लक राहतात. पुढच्या खेपेला संसर्ग त्यांचाच होतो.

दुसरी गोष्ट जोखमीची. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला दुसरा पर्याय असेल तर हे औषध देऊ नये. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), नसा आणि मेंदूवरच्या दुष्परिणामांच्या मानाने फायदा कमी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही या गोळ्या जपून वापरायच्या गटात ठेवल्या आहेत.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि आपल्या भागात तिचं मोल मोठं आहे. क्विनोलोन क्षयाच्या जंतूवरही चालतं. लघवीत पू-पेशी येत राहतात, कल्चरमध्ये (लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच वाढत नाही, वजन घटतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, हा मूत्रमार्गाचा क्षय असू शकतो. अशा माणसाला दर महिन्याला सिप्रो किंवा लिव्होचा कोर्स मिळाला की थोडं बरं वाटतं, निदान लांबतं, आणि औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात वापरायचं लिव्होफ्लॉक्सासिनच बोथट होतं. पू-पेशी आहेत, कल्चर कोरं आहे, असं दोनदा झालं तर क्षयासाठी लघवीची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना थेट विचारा.

मग साध्या संसर्गाला काय देतात?

ताप नाही, गरोदरपण नाही, किडनी-मूत्राशयात आधीचा दोष नाही, अशा बाईच्या मूत्राशयाच्या संसर्गाला बहुतेक वेळा नायट्रोफ्युरँटोइन देतात. लांब चालणाऱ्या प्रकारातली १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस, जेवणासोबत. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. त्याने घाबरू नका. किडनी फार कमजोर असेल तर ती देत नाहीत.

दुसरा पर्याय फॉस्फोमायसिन. ३ ग्रॅमचं एक पाकीट अर्धा कप साध्या पाण्यात ढवळून एकदाच घ्यायचं. पाणी गरम नको. को-ट्रायमॉक्साझोल स्वस्त आणि जुनं आहे, पण आपल्याकडे त्यालाही बरेच जंतू सरावले आहेत. कल्चरमध्ये चालतं असं आलं तर उत्तम. सल्फाची ॲलर्जी असेल तर अजिबात नाही.

ही औषधं मूत्राशयापुरती. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाहीत, म्हणून ताप-थंडी असेल तर त्यांच्यावर विसंबू नये.

मग क्विनोलोन केव्हा योग्य?

किडनीपर्यंत संसर्ग चढला, म्हणजे थंडी वाजून ताप, एका बाजूला कमरेच्या वर दुखणं, उलट्या, आणि कल्चरमध्ये जंतू सिप्रोला दाद देतो असं आलं, तेव्हा. प्रोस्टेटचा संसर्ग असेल तेव्हा. स्युडोमोनास नावाचा जंतू निघाला तेव्हा. त्यावर नेहमीच्या वापरातलं तोंडी औषध या घराण्यातच आहे. किंवा ॲलर्जीमुळे बाकीचे रस्ते बंद असतील तेव्हा.

किडनीच्या संसर्गात रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत नाही. परिसरातले १० टक्क्यांपेक्षा जास्त जंतू क्विनोलोनला दाद देत नसतील तर एकट्या गोळीवर सुरुवात करू नये, असा संकेत आहे. आपल्याकडचा आकडा त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणून डॉक्टर आधी सेफ्ट्रायॅक्सोन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन देतात आणि रिपोर्ट हातात आला की गोळीवर आणतात. इंजेक्शन दिलं म्हणून फसवलं असं समजू नका.

डोस किती आणि किती दिवस?

किडनीच्या संसर्गात सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी ७ दिवस, किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा ५ दिवस. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात दुसरा इलाज नसेल तर सिप्रो २५० मिलिग्रॅम, नॉरफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम किंवा ओफ्लॉक्सासिन २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, फक्त ३ दिवस. नॉरफ्लॉक्सासिन रक्तात आणि मांसात कमी पोचतं, म्हणून तापाच्या संसर्गात ते नको.

किडनी कमजोर असेल तर गोळ्यांमधलं अंतर वाढवतात किंवा डोस कमी करतात. साठीच्या पुढे, शुगर-बीपी जुनं असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितल्याशिवाय पूर्ण डोस सुरू होऊ नये. जुना रिपोर्ट सोबत न्या.

"दर १२ तासांनी" याचा अर्थ सकाळी ८ आणि रात्री ८. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण असा नाही.

कल्चरसाठी लघवी कशी द्यायची?

पहिली गोळी घेण्याआधी. एक डोस जरी पोटात गेला तरी जंतू वाढायचे राहतात आणि कोरा रिपोर्ट येतो.

बाटली लॅबमधूनच घ्या, झाकणबंद, निर्जंतुक. घरातली औषधाची किंवा जामची बाटली उकळून आणली तरी चालत नाही. हात साबणाने धुवा. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवून ओठ बाजूला धरावेत. पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवावं. पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत धरा, शेवटची पुन्हा सोडा. २०-३० मिलिलिटर पुरे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. पाळी चालू असेल तर लॅबमध्ये सांगा.

आता खरी अडचण. लघवी २ तासांत लॅबमध्ये पोचायला हवी. कणकुंबी-जांबोटीकडून पावसाळ्यात बेळगावात यायचं म्हटलं तर एसटीच्या वेळेवर सगळं अवलंबून. कोमट बाटलीत जंतू दर २०-३० मिनिटांनी दुप्पट होतात आणि चुकून आलेले चार जंतूही लाखावर जातात. त्यामुळे घरून आणण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन तिथेच द्या. तसं जमत नसेल तर बाटली फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा आणि बर्फाच्या पिशवीसोबत आणा. २ ते ८ अंशांत २४ तास टिकते. फ्रीजरमध्ये ठेवू नका. काही लॅबकडे बोरिक ॲसिड घातलेली बाटली असते, लांबच्या गावाला ती मागून घ्यावी. मात्र ती खुणेपर्यंत भरावी लागते.

रिपोर्टला २ ते ३ दिवस लागतात. साधी लघवी तपासणी तासाभरात होते, ती कल्चर नव्हे. चिठ्ठीवर दोन्ही लिहिलंय का बघा.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

आधी संख्या. एका मिलिलिटरला एक लाख किंवा जास्त म्हणजे बहुधा खरा संसर्ग. त्रास असणाऱ्या बाईत हजारही पुरेसे ठरू शकतात. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र आले असतील तर नमुना खराब झाला, पुन्हा द्या. मग औषधांची यादी. प्रत्येक औषधासमोर एस असेल तर ते चालतं, आर असेल तर चालत नाही, आय असेल तर डोस आणि जागा बघून डॉक्टर ठरवतात. नॅलिडिक्सिक ॲसिडसमोर आर आणि सिप्रोसमोर एस असेल तर जंतूने पहिली पायरी चढलेली आहे. किडनीच्या संसर्गात तिथे सिप्रो जपूनच.

"पू-पेशी ८-१०" एवढ्यावरून अँटिबायोटिक घेऊ नका. कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू निघाले तर गरोदर बाई आणि मूत्रमार्गाच्या ऑपरेशनआधीचा रुग्ण सोडून बहुतेकांना उपचार लागत नाहीत.

दूध, ताक, आंबील, चहा यांच्यासोबत घेतली तर?

इथेच आपल्याकडे औषध सर्वांत जास्त वाया जातं. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त हे धातू क्विनोलोनला पोटातच पकडतात. झालेला गोळा आतड्यातून शोषला जात नाही आणि शौचातून निघून जातो. रक्तात निम्मंच औषध पोचलं तर जंतू मरत नाही, शिकतो.

सिप्रो आणि नॉरफ्लॉक्सासिनला दूध-दही भोवतं. गोळी दुधासोबत किंवा तांब्याभर ताकासोबत गिळू नका. दुपारच्या जेवणात भाकरी-आमटीसोबत वाटीभर ताक असेल तर सिप्रोचं फार बिघडत नाही, पण नॉरफ्लॉक्सासिन उपाशीपोटीच हवं: जेवणाआधी १ तास किंवा नंतर २ तास. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिनला दुधाचा त्रास कमी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि आंबिलीत वरून ताक घालतात. सकाळी आंबील घेणाऱ्यांनी गोळी आणि आंबील यांत किमान २ तास ठेवावेत. कुंद्यालाही हाच नियम, तो आटवलेलं दूधच आहे.

खरा घात गोळ्यांचा होतो. कॅल्शियमची गोळी, लोहाची लाल गोळी, ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषध, सुक्रालफेट, जस्ताची मल्टिव्हिटॅमिन: यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर सिप्रो घ्या. लिव्होसाठी दोन्हीकडे २ तास पुरतात. सोपा उपाय म्हणजे कोर्सच्या ५-७ दिवसांत कॅल्शियम-लोह बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांत हे धातू नसतात, त्यांचं असं वावडं नाही.

चहाने गोळी गिळू नका; पाणी घ्या, पूर्ण पेला. सिप्रोमुळे चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून हळू निघतं, म्हणून रोजचेच दोन कप घेऊनही छाती धडधडते, झोप येत नाही. ते आठ दिवस चहा कमी करा.

जळजळ थांबवणारं गोड सिरप सोबत चालतं का?

डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं सिरप लघवी अल्कलीयुक्त करतं, त्याने जळजळ कमी वाटते. जंतू मरत नाहीत. अल्कलीयुक्त लघवीत सिप्रोचे स्फटिक जमू शकतात, म्हणून सिप्रोसोबत ते टाळलेलं बरं. दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतील तर विचारा. नायट्रोफ्युरँटोइनचाही जोर अशा लघवीत कमी पडतो. धन्या-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, बार्ली खुशाल प्या, पाणी पोटात जाण्याचं निमित्त म्हणून. उपचार म्हणून नव्हे.

सासूबाईंना शुगरची गोळी चालू आहे. धोका आहे का?

आहे, आणि मोठा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनसोबत क्विनोलोन आलं की साखर एकाएकी खाली जाऊ शकते. माणूस बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत. त्यात ताप आणि उलट्यांनी जेवण गेलेलं असतं, पण शुगरची गोळी सवयीने घेतली जाते. म्हातारी माणसं "नुसती झोपून आहेत" असं वाटतं, आणि साखर ४० पर्यंत उतरलेली असते.

कोर्स चालू असेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, निदान सकाळी आणि झोपताना, ग्लुकोमीटरवर साखर बघा. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं दिसलं आणि साखर ७० च्या खाली असली तर ३ चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा. जेवण होत नसेल तर शुगरच्या गोळीचं काय करायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आणखी कोणत्या औषधांशी जमत नाही?

मान-कंबर आखडली की मिळणारी टिझानिडीन सिप्रोसोबत पूर्ण वर्ज्य: बीपी कोसळतं, गुंगी येते. दम्याच्या थिओफायलिनची पातळी सिप्रोने वाढते आणि झटके येऊ शकतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांसोबतही झटक्यांचा धोका वाढतो, म्हणून फिटचा आजार असणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं. तापाला पॅरासिटामॉल पुरे. वॉरफरिन चालू असेल तर रक्त फार पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लवकर करावी लागते. हृदयाचे ठोके बिघडवणारी औषधं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि ओंडान्सेट्रॉनही येतात, सोबत असतील तर सांगा. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू कमजोर करणारा आजार असणाऱ्यांनी ही गोळी घेऊ नये.

गोळी सुरू झाली आणि टाच दुखायला लागली. पुढे काय?

पुढची गोळी घेऊ नका. टाचेच्या मागची जाड शीर, म्हणजे कंडरा, दुखणं किंवा सुजणं हा या औषधाचा ठरलेला इशारा आहे. खांद्याची, हाताचीही दुखू शकते. त्रास पहिल्या दोन दिवसांतही येतो आणि कोर्स संपून काही महिन्यांनीही. वय ६० च्या वर, सोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, किंवा किडनी बदललेली असेल तर कंडरा तुटण्याची शक्यता बरीच वाढते. सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं, हे लक्षात ठेवा. पाय चोळू नका, तेल लावून मालिश नको, त्या पायावर भार नको.

पायाला नव्याने मुंग्या, आग, बधिरपणा. झोप उडून घाबरल्यासारखं होणं, वेड्यासारखं बोलणं. अंगावर गांधी, तोंड सुजणं. दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब: या प्रत्येकाला गोळी बंद आणि डॉक्टर. नसांचा त्रास कायमचा राहू शकतो. शुगरवाल्यांना मुंग्या आधीपासून असतात, म्हणून "शुगरमुळेच" म्हणून सोडून देतात. वाढल्या असतील तर सांगा. पोटात, छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली तर थेट मोठ्या दवाखान्यात जा. महाधमनी फुगलेली असलेल्यांना हे औषध टाळतात.

हलकी मळमळ, किंचित डोकेदुखी यासाठी कोर्स थांबवायची गरज नाही.

लावणीचे दिवस आहेत. उन्हात काम केलं तर?

कातडी नेहमीपेक्षा लवकर भाजते. हात-मान-चेहरा लाल होऊन फोड येतात. पूर्ण बाह्या, टोपी किंवा पदर, आणि दुपारी ११ ते ३ सावलीत. कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस जपा.

गरोदर, बाळंतीण, लहान मुलं?

गरोदरपणात नको, सेफालेक्सिन, अमॉक्सिसिलिन यांसारखे पर्याय कल्चर बघून मिळतात. गरोदर बाईला त्रास नसला तरी एकदा लघवीचं कल्चर करून घ्यावं, कारण जंतू किडनीवर चढले तर कळा लवकर सुरू होऊ शकतात. पाजणाऱ्या आईच्या दुधात औषध उतरतं, म्हणून आधी दुसरी औषधं बघतात. १८ वर्षांखालच्या मुलांना सांध्यांच्या कूर्चेच्या भीतीने सहसा देत नाहीत. गुंतागुंतीच्या संसर्गात बालरोगतज्ज्ञ देतात. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला कधीच देऊ नका.

पुरुषांना वेगळा कोर्स का?

पुरुषाच्या संसर्गात प्रोस्टेट गुंतलेलं असू शकतं. ताप नसेल तर ७ दिवस पुरतात. ताप, खाली जडपणा, धार अडकणं असेल तर प्रोस्टेटचा तीव्र संसर्ग. तिथे २ ते ४ आठवडे. जुनाट असेल तर ४ ते ६ आठवडे. पाच दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलं की महिन्याने तोच जंतू परत येतो. मुतखडा किंवा वाढलेलं प्रोस्टेट आहे का, यासाठी सोनोग्राफीही लागते.

आजोबांना नळी घातलेली आहे. लघवी गढूळ दिसली की कोर्स द्यायचा का?

नाही. नळी महिनाभर राहिली की जंतू निघणारच. ताप, थंडी, नव्याने भ्रम, कमरेत दुखणं असेल तरच उपचार. आणि जुनी नळी दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांची असेल तर आधी ती बदलून, नव्या नळीतून कल्चरचा नमुना घ्यावा, पिशवीतून नव्हे.

डोस चुकला तर? गोळ्या उरल्या तर?

सिप्रोच्या पुढच्या डोसला ६ तासांहून जास्त वेळ असेल तर आठवेल तेव्हा घ्या, नाहीतर सोडून द्या. दोन एकदम नको. कल्चर बघून डॉक्टरांनी औषध बदललं आणि गोळ्या उरल्या, तर शेजारच्या वहिनींना देऊ नका.

किती वेळात फरक पडावा?

जळजळ एक-दोन दिवसांत उतरायला लागते, ताप ४८ ते ७२ तासांत. नाही उतरला तर जंतू दाद देत नाही, किंवा खडा-अडथळा-गळू आहे. गोळी वाढवू नका, परत दाखवा. थंडी वाजून ताप आणि उलट्यांनी औषध टिकत नसेल, लघवी बंद झाली असेल, हातपाय गार पडून माणूस गळून गेला असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. बेळगावचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं भरती करणारं हॉस्पिटल गाठा. शुगरवाल्यांच्या आणि गरोदर बाईच्या बाबतीत ताप हेच कारण पुरेसं.

संसर्ग वारंवार होतो, उपाय काय?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला तर तो वारंवार. दर वेळी नवं कल्चर करा, जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका. विडीच्या, तंबाखूच्या कामावर किंवा शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या बायका लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. याचा परिणाम सगळ्यात आधी मूत्राशयावर होतो. दर तीन-चार तासांनी जायला मिळायलाच हवं, आणि ती सोय करणं मालकाचं काम आहे. दिवसाला दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या बायकांत संसर्ग कमी होतात. संबंधानंतर लघवी करून घ्यावी. पाळी गेलेल्यांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो, लाजेने विचारायचं राहू नये.

डॉक्टर कन्नड बोलतात, मला नीट सांगता येत नाही.

"उरिमूत्र" म्हटलं की जळजळ कळते. "चळी-ज्वर" म्हणजे थंडी-ताप, "सक्करे काईले" म्हणजे शुगर, "सोंट नोवु" म्हणजे कंबरदुखी, "बसुरी" म्हणजे गरोदर, "मात्रे" म्हणजे गोळी. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घेऊन जा. त्यावरची नावं कोणत्याही भाषेच्या डॉक्टरला कळतात. गोळी दिल्यावर "हालु?" एवढं विचारलं तरी दुधाचं उत्तर मिळेल.

गडहिंग्लज-कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी इकडे चालते का?

चालते. औषधांचा कायदा देशभर एकच, नोंदणीकृत डॉक्टरची सही-तारीख असलेली चिठ्ठी दोन्हीकडे ग्राह्य. लिव्होफ्लॉक्सासिन या कायद्यातल्या शेड्यूल एच-१ नावाच्या यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला रुग्णाचं, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वहीत लिहून ती नोंद ३ वर्षं ठेवावी लागते. तो चिठ्ठी मागतो तेव्हा अडवत नसतो. पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध. बिल घ्या, दुष्परिणाम झाला तर बॅच नंबर लागतो. अशी तक्रार रुग्ण स्वतःही करू शकतो, १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर, आणि तिचा फॉर्म मराठीतही आहे, कन्नडमध्येही.